जॉर्ज टी. स्टॅगची बाटली हाती आल्यावर: दुर्मीळ बर्बन कशी चाखावी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेत सिनसिनाटीला राहणाऱ्या आपल्या मेहुण्यांना तिथल्या दुर्मीळ मद्यांच्या सोडतीत जॉर्ज टी. स्टॅग या बर्बनची, म्हणजे मुख्यतः मक्यापासून केलेल्या अमेरिकन व्हिस्कीची, एक बाटली मिळाली आणि पुण्याला येताना ती त्यांनी आपल्यासाठी आणली. बाटलीवर 130.4 प्रूफ असे, म्हणजे तिच्या तीव्रतेचे माप, छापलेले आहे. ती उघडावी की जपून ठेवावी, मित्र म्हणतात त्याप्रमाणे तिच्यात पाणी घालणे म्हणजे तिचा अपमान करणे आहे का, आणि जिच्यासाठी लोक वर्षानुवर्षे सोडतीत नावे घालतात तिच्यात नेमके काय आहे हे आपल्या जिभेला कळेल का, अशा तीन शंका आपण विचारल्या आहेत.

पहिल्या दोन शंकांचे उत्तर सरळ आहे: बाटली उघडावी आणि पाणी अवश्य घालावे. तिसरे उत्तर मात्र तिच्या शेजारी आपण कोणती साधी बाटली ठेवता यावर बरेचसे अवलंबून आहे. गेली चोवीस वर्षे मी पिंपांतील मद्य पारखण्याचे काम करतो. त्यांतील बहुतेक काळ गोव्यात माल्ट व्हिस्कीच्या गोदामांत गेला, काही काळ केंटकीतही काढला. या सर्व काळात एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा जाणवली आहे, ती म्हणजे दुर्मीळ मद्य एकटे चाखले की माणूस त्याची दुर्मीळताच चाखतो. चव कळायची असेल तर त्याच घरातील रोजचे भावंड समोर हवे.

हे घर कोणते ते आधी सांगतो. केंटकी राज्याची राजधानी फ्रँकफर्ट येथे केंटकी नदीच्या काठी बफेलो ट्रेस नावाची डिस्टिलरी आहे. जॉर्ज टी. स्टॅग हे एकोणिसाव्या शतकातील व्हिस्कीचे व्यापारी होते आणि 1904 पासून बराच काळ ही डिस्टिलरी त्यांच्याच नावाने ओळखली जात होती. 1992 मध्ये सॅझरॅक कंपनीने ती विकत घेतली आणि 1999 मध्ये तिला बफेलो ट्रेस हे नाव मिळाले. दर वर्षी शरद ऋतूत ही डिस्टिलरी ‘अँटिक कलेक्शन’ या नावाने काही निवडक व्हिस्की थोड्या प्रमाणात बाजारात आणते. स्टॅग त्या संचात 2002 पासून आहे. तिचे धान्याचे मिश्रण मात्र मुळीच दुर्मीळ नाही. मका, थोडी राय (गव्हासारखे एक धान्य) आणि माल्ट केलेले, म्हणजे मोड आणून वाळवलेले, सातू यांचे जे मिश्रण साध्या बफेलो ट्रेस बर्बनला वापरतात, जे दहा वर्षे मुरलेल्या ईगल रेअरलाही वापरतात, तेच स्टॅगलाही वापरतात. वेगळे आहे ते इतकेच की स्टॅगची पिंपे साधारण पंधरा वर्षे गोदामात राहिली, बाटलीत भरताना तिच्यात पाणी घातले गेले नाही आणि ती थंड करून गाळली गेली नाही. एकच बीज, एकच पाणी आणि एकच लाकूड असताना केवळ काळ आणि जागा यांनी काय घडवले ते पाहण्याची अशी सोय मद्याच्या जगात फार थोड्या ठिकाणी आहे.

बर्बनच्या बाबतीत लाकडाला एवढे महत्त्व का, याचे उत्तर अमेरिकेच्या कायद्यात आहे. किमान 51 टक्के मका असलेल्या मिश्रणापासून बर्बन तयार व्हावी लागते, ऊर्ध्वपातनातून निघताना ती 80 टक्के अल्कोहोलच्या वर असता कामा नये, पिंपात जाताना 62.5 टक्क्यांच्या वर असता कामा नये, आणि ते पिंप आतून जाळलेले, कोरे ओकचे असले पाहिजे. रंग किंवा स्वाद बाहेरून घालण्यास मनाई आहे. त्यामुळे ग्लासात जो गडद तांबूस रंग दिसतो, जो व्हॅनिलाचा, गुळाचा, लवंगेचा वास येतो, तो बहुतांशी लाकडातून आलेला असतो. ओकमधील लिग्निन उष्णतेने तुटले की व्हॅनिलिन तयार होते, हेमिसेल्युलोजमधील साखर करपून पाकासारखा खमंगपणा देते, लॅक्टोन नावाच्या संयुगांतून खोबऱ्याचा वास येतो आणि युजेनॉल, जे आपल्या लवंगेतही असते, तेही ओकमधूनच उतरते. बफेलो ट्रेसची पिंपे आतून सुमारे 55 सेकंद जाळतात. त्यामुळे आतला थर मगरीच्या पाठीसारखा भेगाळलेला कोळसा होतो आणि त्याच्या मागे भाजलेल्या लाकडाचा तांबडा थर राहतो. केंटकीच्या उन्हाळ्यात मद्य फुगून त्या थरात शिरते, हिवाळ्यात आकसून बाहेर येते, आणि असे पंधरा उन्हाळे व पंधरा हिवाळे गेल्यावर पिंपातील अर्ध्याहून अधिक माल हवेत उडून गेलेला असतो. स्टॅग कमी मिळते याचे पहिले कारण हे आहे. बाकीचे कारण माणसांच्या हौसेत आहे.

आता आपल्या बाटलीवरील आकडा पाहू. अमेरिकेतील प्रूफ म्हणजे टक्केवारीची दुप्पट, म्हणजे 130.4 प्रूफ हे 65.2 टक्के अल्कोहोल झाले आणि त्यावरून ही 2020 ची बाटली आहे हे ठरते. पिंपात भरताना मद्य 125 प्रूफ, म्हणजे 62.5 टक्के होते. पंधरा वर्षांत ते वाढले, कारण गोदामाच्या वरच्या, तापलेल्या आणि कोरड्या मजल्यांवर लाकडातून अल्कोहोलपेक्षा पाणी लवकर निसटते. खालच्या थंड, दमट मजल्यांवर याच्या उलट होते. म्हणूनच 2016 ची स्टॅग 144.1 प्रूफची होती आणि 2019 ची 116.9 प्रूफची, म्हणजे पिंपात भरली होती त्याहूनही सौम्य. या दोन्हींवर नाव एकच आहे, पण स्वभावाने त्या दोन वेगळ्या व्हिस्की आहेत. म्हणून दुसऱ्या वर्षाच्या बाटलीविषयी कोणी काय लिहिले आहे ते आपल्या बाटलीला लावू नये, असा माझा आग्रह आहे. (2016 ची बाटली 72 टक्क्यांच्या पुढची असल्याने आपल्या मेहुण्यांना ती विमानातून आणताच आली नसती. प्रवाशांच्या सामानात 70 टक्क्यांहून तीव्र मद्य चालत नाही.)

याहून बोलकी घटना 2021 ची आहे. त्या वर्षी स्टॅग बाजारात आलीच नाही, कारण निवडलेली पिंपे डिस्टिलरीच्या पारख करणाऱ्यांना स्टॅगच्या तोडीची वाटली नाहीत. सोडतीत नाव घालून वाट पाहणारी हजारो माणसे बाहेर होती, बाटलीत काहीही भरले असते तरी ते एका दिवसात संपले असते, आणि तरीही त्यांनी जिभेचा निकाल मानला. या व्यवसायातल्या माणसाला त्याची किंमत किती असते हे ठाऊक आहे, म्हणून त्या निर्णयाबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

चाखण्याची मांडणी कशी करावी ते आता सांगतो. तीन ग्लास घ्यावेत. तोंडाशी निमुळते होणारे, ट्यूलिपच्या आकाराचे ग्लेनकेर्न मिळाले तर उत्तम, नाहीतर वाइनचे लहान ग्लास चालतील. पसरट तोंडाचा आणि बर्फासाठी केलेला ग्लास या कामाचा नाही. एकात साधी बफेलो ट्रेस, दुसऱ्यात ईगल रेअर आणि तिसऱ्यात स्टॅग, प्रत्येकी 15 मिलिलिटर ओतावी. पहिल्या दोन्ही 45 टक्क्यांच्या आहेत. त्या हाती येत नसतील तर मेहुण्यांना पुढच्या खेपेस आणायला सांगावे. आपल्याकडे येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य करमुक्त आणता येते, त्यामुळे 750 मिलिलिटरच्या दोन बाटल्या सहज बसतात. तोवर थांबणे शक्य नसेल तर मुंबई-पुण्यात मिळणारी जिम बीम ही दुसऱ्या घराण्याची साधी बर्बन शेजारी ठेवावी. तिचे मिश्रण आणि यीस्ट वेगळे असल्याने फरक काळाचा किती आणि घराण्याचा किती हे सांगता येणार नाही, पण कोवळे लाकूड आणि जून लाकूड यांतील अंतर तरी समजेल.

ग्लास घरातल्या दुसऱ्या कोणी भरावेत आणि कोणत्या ग्लासात काय आहे याची चिठ्ठी तळाला चिकटवावी. आपण ती पाहू नये. स्टॅगचा रंग आणि धारदार वास तिला लगेच उघडी पाडेल, हे खरे आहे. म्हणून भरणाऱ्याने एका फेरीत तिन्ही मद्ये पाणी घालून एकाच ताकदीवर आणावीत आणि ग्लास जाड कागदाने गुंडाळावेत. काही वर्षांपूर्वी अशाच एका फेरीत मी ईगल रेअरला स्टॅगच्या वर ठेवले होते. तळाची चिठ्ठी वाचल्यावर ते मत बदलण्याचा मोह झाला, पण वहीत लिहिलेले मी तसेच राहू दिले. त्या दिवशी मला फळाचा ताजेपणा अधिक भावला होता आणि तो खरोखरच दहा वर्षांच्या व्हिस्कीत जास्त होता.

चाखण्याआधी तासभर तिखट, पान, सुपारी, तंबाखू आणि कडक कॉफी टाळावी. घरात उदबत्ती किंवा फोडणीचा वास असेल तर खिडकी उघडून तो जाऊ द्यावा, कारण पारखीचे बहुतेक काम नाक करते. व्हिस्की ओतल्यावर दहा-पंधरा मिनिटे तशीच ठेवावी. वाइनसारखा ग्लास घुसळू नये, त्याने अल्कोहोलची वाफ उसळते आणि नाक बधिर होते. ग्लास हनुवटीपाशी धरून हळूहळू वर आणावा, ओठ किंचित उघडे ठेवावेत आणि लहान लहान श्वास घ्यावेत. जिथे झणका लागेल तिथे थांबून थोडे मागे यावे. साध्या बर्बनपासून सुरुवात करून स्टॅगकडे शेवटी यावे, कारण 65 टक्क्यांच्या घोटानंतर 45 टक्क्यांचे काहीही पाणचटच लागेल.

पहिला घोट अर्ध्या चमच्याएवढा असावा. तो चवीसाठी नसतो, तोंडाला सवय व्हावी म्हणून असतो, आणि त्यावरून कोणतेही मत बनवू नये. दुसरा घोट जिभेवर पसरून पाच-सहा सेकंद धरावा, गिळावा आणि तोंड मिटून नाकावाटे श्वास सोडावा. खरी चव त्या श्वासात येते.

आता पाण्याविषयी, कारण आपल्या मित्रांचा आक्षेप तिथेच आहे आणि तो चुकीचा आहे. डिस्टिलरीने पाणी घातले नाही याचा अर्थ पाणी घालू नये असा होत नाही. किती घालायचे ते पिणाऱ्याने ठरवावे, असा त्याचा अर्थ आहे. आम्ही कामावर पिंपातील नमुना पारखताना तो जवळजवळ नेहमीच पातळ करून हुंगतो, कारण 60 टक्क्यांच्या वर अल्कोहोल स्वतःचाच वास पुढे करते. स्वीडनमधील लिनियस विद्यापीठातील ब्योर्न कार्लसन आणि रान फ्रीडमन यांनी 2017 मध्ये संगणकावर रेणूंची हालचाल तपासून दाखवले की ग्वायकॉल हा धुरकट, लाकडी वासाचा रेणू 45 टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणात पृष्ठभागाजवळ राहतो आणि 59 टक्क्यांच्या पुढे अल्कोहोलच्या रेणूंनी वेढला जाऊन आत ओढला जातो. हे एका रेणूचे गणित आहे, संपूर्ण व्हिस्कीचे नाही. तरी जळलेल्या पिंपातल्या मद्यात ग्वायकॉल असतेच, आणि पाण्याचे थेंब पडल्यावर बंद दार उघडल्यासारखा वास येतो हा अनुभव त्याच्याशी जुळतो.

आपल्या बाटलीसाठी हिशेब असा आहे. 15 मिलिलिटर स्टॅगमध्ये सव्वा मिलिलिटर, म्हणजे पाव चमचा पाणी घातले की ती 60 टक्क्यांवर येते. साडेचार मिलिलिटर, म्हणजे चहाचा जवळजवळ एक चमचा घातले की 50 टक्क्यांवर येते, आणि पावणेसात मिलिलिटर घातले की बफेलो ट्रेसच्या 45 टक्क्यांवर येते. पाणी साधे, क्लोरीनचा वास नसलेले आणि खोलीच्या तापमानाचे घ्यावे. औषधाच्या दुकानात मिळणारी सुईविना सिरिंज मोजायला फार सोयीची पडते. प्रत्येक टप्प्यावर दोन-तीन मिनिटे थांबून पुन्हा वास घ्यावा. पाणी पुरेसे पडल्यावर व्हिस्की किंचित धुरकट दिसू लागेल, विशेषतः थंडीत. घाबरू नये. ती थंड करून गाळलेली नसल्याने तिच्यातील मेदाम्लांची एस्टर संयुगे पातळ मिश्रणात विरघळून राहू शकत नाहीत, आणि तोंडात जो तुपकट भरीवपणा जाणवतो त्यात त्यांचा वाटा असतो. माझ्या अनुभवात स्टॅग 52 ते 55 टक्क्यांच्या दरम्यान सर्वांत अधिक बोलते. आपला आकडा वेगळा निघाला तर तोच आपल्यासाठी बरोबर समजावा.

आपल्याला काय सापडेल, याची थोडी कल्पना देतो, पण शब्द आपले आपणच शोधावेत. इंग्रजी परीक्षणांत ‘ब्लॅक चेरी’, ‘टॉफी’ असे शब्द येतात. ज्याने चेरी फक्त डब्यातली खाल्ली आहे त्याने ते उसने घेऊन काही साधत नाही. आपल्या स्वयंपाकघरात याहून नेमके शब्द आहेत. साध्या बफेलो ट्रेसमध्ये मला मध, व्हॅनिला, ताज्या मक्याचा गोडवा आणि किंचित पुदिना मिळतो. ईगल रेअरमध्ये त्या गोडव्याला संत्र्याच्या सालीची आणि सुक्या खोबऱ्याची जोड येते आणि लाकूड कोरडे होऊ लागते. स्टॅगकडे आलो की मधाची काकवी झालेली असते. गुळाचा पाक एक क्षण जास्त तापल्यावर येणारा कडवट खमंगपणा, काळी मनुका आणि खारीक, भाजलेली कॉफी, जून तंबाखूचे पान, लवंग, आणि मागून पुरणात शेवटी किसलेल्या जायफळासारखी ऊब. आणि मग तुरटपणा येतो. पंधरा वर्षांच्या लाकडातून टॅनिन उतरलेलेच असते. ते जांभळाइतके असेल तर चवीला आधार देते, कच्च्या सुपारीइतके झाले तर जीभ आकसून जाते आणि गोडवा मागे पडतो. चांगली स्टॅग या दोन्हींच्या मधल्या अरुंद बांधावरून चालते. तिची थोरवी मला त्या तोलात दिसते, तीव्रतेत दिसत नाही. गिळल्यानंतर घड्याळ पाहावे. साध्या बफेलो ट्रेसची चव अर्ध्या-पाऊण मिनिटात विरते, स्टॅगची काही मिनिटे मागे रेंगाळते आणि रेंगाळताना बदलत जाते, आधी गूळ, मग कॉफी, शेवटी कोरडे लाकूड. हा बदल टिपता आला तर आपल्या तिसऱ्या शंकेचे उत्तर आपल्याला मिळाले असे समजावे.

काही जणांना या फेरीनंतर ईगल रेअरच अधिक आवडते, आणि त्यात काही उणे नाही. अधिक वर्षे म्हणजे अधिक चांगले, असे सूत्र मद्याला लागू होत नाही, आणि हे मी गोव्यात रोज पाहतो. कोऱ्या पिंपाचा नियम असल्यामुळे बर्बनने एकदा वापरलेली पिंपे अमेरिकेबाहेर जातात, त्यांतली गोव्यातील पॉल जॉनसारख्या माल्ट व्हिस्कीसाठीही येतात. गोव्याच्या उष्ण हवेत वर्षाला सुमारे आठ टक्के माल उडतो, त्यामुळे तिथे पंधरा वर्षांचा हट्ट धरला तर पिंपात थोडेसे आणि बहुधा कडूच उरेल. तिथली व्हिस्की सहा-सात वर्षांतच भरात येते. पिंप केव्हा फोडायचे हे दिनदर्शिकेवरून ठरवायचे नसते.

आता जपून ठेवण्याविषयी. व्हिस्की बाटलीत मुरत नाही. 2020 मध्ये जी चव भरली तीच, फार तर थोडी फिकी होऊन, 2040 मध्ये मिळेल. डिस्टिलरीने सुचवलेली किंमत शंभर-दीडशे डॉलरच्या घरात असताना पुनर्विक्रीत तिचे कित्येक पट होतात, हे मला माहीत आहे. पण आपल्याला ती सोडतीतून, घरच्या माणसाकडून मिळाली आहे आणि विकण्याचा विचार आपल्या प्रश्नात कुठेच नाही. उघडताना बूच सरळ वर ओढण्याऐवजी हळूहळू फिरवत काढावे, कारण तीव्र अल्कोहोलमुळे ते ठिसूळ झालेले असू शकते. त्याच कारणाने बाटली नेहमी उभी ठेवावी, आडवी ठेवू नये, आणि ती उजेडापासून दूर, घरातल्या सर्वांत थंड कपाटात ठेवावी. एका बैठकीला 15 किंवा फार तर 30 मिलिलिटर पुरे. 30 मिलिलिटर स्टॅग म्हणजे आपल्याकडच्या 42.8 टक्क्यांच्या व्हिस्कीचे सुमारे 46 मिलिलिटर होतात, हे गाडी काढण्याचा विचार करणाऱ्या पाहुण्यांनाही आधीच सांगावे.

बाटली अर्ध्याखाली गेली की आतली हवा चव खाऊ लागते. तेव्हा उरलेली व्हिस्की स्वच्छ, घट्ट झाकणाच्या, काचेच्या 100 मिलिलिटरच्या बाटल्यांत काठोकाठ भरून ठेवावी आणि प्रत्येकीवर तारीख लिहावी. आणि मूळ बाटली रिकामी झाल्यावर ती भंगारात देऊ नये. स्टॅगच्या रिकाम्या बाटल्यांना बनावट माल भरणाऱ्यांकडून चांगला भाव मिळतो. ती घरी ठेवायची असेल तर बूच वेगळे करून ठेवावे, आणि टाकायची असेल तर लेबल पूर्ण खरवडून, बाटली फोडून टाकावी.